हलत्या सिलिंडरचं इंजिन घरच्या लेथवर बनवताना या चुका टाळा

छोट्या लेथवर पहिलं चालतं यंत्र करायचं, तर बहुतेक जण हलत्या सिलिंडरचं इंजिन घेतात. व्हॉल्व नाही, तो हलवणारी एक्सेंट्रिक (मध्य सरकवलेली चकती) नाही. सिलिंडर स्वतःच डुलतो आणि पोर्ट, म्हणजे हवा येण्या-जाण्याची भोकं, उघडतो-झाकतो. भाग सात-आठच. तरीही पितळ आरशासारखं चकाकतं आणि इंजिन मात्र हलत नाही, असं सर्रास होतं. दोष पॉलिशमध्ये नसतो, मापात असतो.

सगळ्यात जास्त घोळ पोर्टांचा. समजा क्रँकपिन (पिस्टनचा दांडा जिला जोडतो ती पिन) क्रँकच्या मध्यापासून 8 मिमीवर आहे (म्हणजे स्ट्रोक, पिस्टनची एकूण सरक, 16 मिमी) आणि सिलिंडरचा पिव्हट, म्हणजे तो ज्यावर डुलतो तो बिंदू, क्रँकच्या मध्यापासून 40 मिमीवर. 8 भागिले 40 म्हणजे 0.2, सिलिंडर मध्यापासून दोन्हीकडे साधारण साडेअकरा अंश डुलणार. सिलिंडरचं भोक पिव्हटपासून 14 मिमीवर असेल, तर ते प्रत्येक बाजूला 14 गुणिले 0.2, म्हणजे 2.8 मिमी सरकतं. सिलिंडर ज्या प्लेटला टेकून डुलतो तिच्यावरची दोन भोकं (एक हवा आत येण्याचं, एक बाहेर जाण्याचं) म्हणून एकमेकांपासून 5.6 मिमीवर हवीत. आता ड्रिल कोणतं? तिन्ही भोकं 2.5 मिमीची ठेवली तर सिलिंडर मधोमध असताना दोन्ही बाजूंना 0.3 मिमी झाकण राहतं. ‘जरा मोकळं बरं’ म्हणून 3 मिमीचं ड्रिल घातलं की 0.2 मिमी एकमेकांवर चढतात, आत येणारी हवा थेट बाहेर जाते, आणि मग माणूस कंप्रेसरला दोष देत बसतो. भोकं पेन्सिलीने आखू नका. पिव्हटच्या भोकात बसणारी पिन आणि 14 मिमीवर 2.5 चं भोक असलेली एक पट्टी करा, तीच जिग (भोकाची जागा दाखवणारा साचा) म्हणून वापरा.

बोअर, म्हणजे सिलिंडरचं आतलं भोक, 12 मिमीचा असेल तर थेट 12 चं ड्रिल घालू नका. भोक मोठं आणि वेडंवाकडं येतं. सेंटर ड्रिल, मग 8, मग 11.8, शेवटी 12 चा रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार), ड्रिलच्या निम्म्याहून कमी वेगाने. रीमर उलटा कधीही फिरवू नका, धार जाते. तोंडाशी बोअर घंटेसारखा पसरला तर रीमर नाही, टेलस्टॉक (लेथचं ड्रिल-रीमर धरणारं मागचं टोक) तपासा. तो लाइनीत नसतो. पिस्टन 0.02 ते 0.03 मिमी लहान ठेवा. पितळात ड्रिल एकदम ओढलं जातं, म्हणून ड्रिलच्या धारेवर ऑइलस्टोन फिरवून ती थोडी बोथट करा.

सिलिंडरचा सपाट चेहरा आणि पिव्हटची पिन काटकोनात नसेल तर चेहरा एका कडेवरच टेकतो आणि बाकीच्या बाजूने हवा फुसफुसते. मार्किंग ब्लू (कुठे टेकतं ते दाखवणारा निळा रंग) अगदी पातळ लावून सिलिंडर डुलवा, डाग कुठे येतो ते पाहा. काचेवर 400 चा, मग 800 चा वॉटर पेपर ठेवून त्यावर चेहरा तेलासह घासा. पिव्हटच्या भोवती एखादा दशांश मिमी खोल खळगा केला तर टेकण्याची जागा कडेला राहते आणि सीलिंग सुधारतं.

हवा जोडण्याआधी चाक हाताने फिरवून पाहा. प्रत्येक फेरीत एकाच ठिकाणी जड जात असेल तर क्रँकपिन बहुधा तिरकी आहे. पिस्टन वर पोहोचताच ठक् होत असेल तर तिथे निदान 0.5 मिमी जागा हवी. सगळीकडे सारखंच जड असेल तर सिलिंडरला प्लेटवर दाबून धरणारी स्प्रिंग बहुधा घट्ट आहे. तिचा नट अर्धा-अर्धा आटा सैल करत जा, पण चेहरा उचलला जाऊन हवा सुटू लागली की थांबा. पहिली चाचणी अर्ध्या बारवर, तेलाचे दोन थेंब टाकून. इंजिन कुठल्या बाजूला फिरणार ते हवा कोणत्या पोर्टात जाते त्यावर ठरतं, पण सुरू करायला बहुधा बोटाने ढकलावं लागतं. आणि उलटं फिरलं तर हवेची नळी दुसऱ्या पोर्टाला लावा.

वाफ हवी असेल तर बॉयलर घरी डब्यातून करायचा नाही. दाब-चाचणी झालेला आणि सेफ्टी व्हॉल्व असलेलाच घ्या. नाहीतर हवेवरच चालवा.