पालाश सोडण्याआधी बोद उकरून पाहा

मण्यात पाणी उतरू लागले की द्राक्षबागेत ०-०-५० च्या, म्हणजे सल्फेट ऑफ पोटॅश या पालाश खताच्या गोण्या येतात. जुन्या पानांच्या कडा करपलेल्या दिसल्या की आणखी एक डोस सोडला जातो. पण आपल्या काळ्या जमिनीच्या माती परीक्षणात पालाश बहुधा भरपूरच निघतो. तो मुळीत का शिरत नाही, हे आधी बघा.

पांढऱ्या मुळीच्या पेशीत पोटॅशियम (म्हणजेच पालाश) सुमारे १०० मिलिमोलर असते, मातीतल्या पाण्यात पुष्कळदा १ मिलिमोलर किंवा त्याहून कमी. तरीही ते आत जाते, कारण पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने साधारण १२० ते १८० मिलिव्होल्ट ऋण असते. पेशीच्या पटलावरचे पंप ऊर्जा खर्चून हायड्रोजन आयन बाहेर फेकत राहतात, त्यातून हा ऋणभार टिकतो आणि धनभारित पोटॅशियम आपल्या वाहिन्यांतून आत ओढले जाते. ही ऊर्जा मुळीच्या श्वसनातून येते. बोद (वेलीच्या ओळीतला मातीचा उंचवटा) चिबड झाला, हवा खेळेनाशी झाली, की पंप मंदावतो आणि ऋणभार घटतो. मग बाहेर सोडणाऱ्या वाहिन्या उघडतात व पेशीतले पोटॅशियम उलट मातीत गळते. अशा मुळीवर कितीही पालाश ओता, पैसा वाया जातो. निफाडकडच्या कडाक्याच्या थंडीतही पंप मंदच चालतो. खाऱ्या पाण्यातला सोडियम तर धनभार घेऊनच आत घुसतो आणि ऋणभार आणखी कमी करतो.

म्हणून ड्रिपरखालचा बोद वीतभर उकरा. मुळ्या पांढऱ्या, टवटवीत असतील तर पालाश थोडा-थोडा विभागून द्या. तपकिरी, कुजकट वास येणाऱ्या असतील तर खत थांबवा, पाणी तोडा, वाफसा येऊ द्या. थंडीत खत भल्या पहाटे सोडू नका, ऊन चढल्यावर सोडा.

या अवस्थेत युरिया, अमोनियम सल्फेट टाळा. जमिनीत पोटॅशियम फारच कमी असते तेव्हा ते ओढून घेणाऱ्या खास वाहकांना अमोनियम अडवतो, शिवाय जादा नत्राने मणी मऊ पडतात. विहिरीचे पाणी खारे असेल तर क्लोराइड असलेले म्युरेट ऑफ पोटॅश नको, सल्फेट ऑफ पोटॅशच वापरा. त्याच टाकीत कॅल्शियम नायट्रेट मिसळू नका, साका बसून ड्रिपर चोंदतात. देठ परीक्षण करताना पालाशाबरोबर सोडियमही तपासून घ्या. सोडियम चढलेला असेल तर आधी पाण्याचा आणि निचऱ्याचा बंदोबस्त करा, पालाशाचा डोस वाढवण्याचे नंतर पाहू.