कायद्यात बसतंय पण मनाला टोचतंय? मग सही घेण्याआधी एवढं करा

गणपतीत सगळे गावी जमले की आमच्या कोकणात दोन गोष्टी हमखास होतात, उकडीचे मोदक आणि हक्कसोडपत्रावर (म्हणजे मिळकतीतला आपला हिस्सा सोडल्याच्या कागदावर) बहिणींच्या सह्या. कागद पक्का, दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर केलेला, कायद्याने कुठे बोट ठेवायला जागा नाही, तरी रात्री झोप लागत नाही ना? मग वाचा. झोप लागत असेल त्यांनी मोदक खावेत.

आधी कायदा काय म्हणतो ते नीट बघा. "आपल्यात मुलींना देत नाहीत" हा कायदा नाही हो, रिवाज आहे. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकीच जन्मापासून हक्कदार झाली, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने हेही सांगितलं की त्यासाठी २००५ साली वडील हयात असायलाच हवेत असं नाही. (२० डिसेंबर २००४ आधी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उकरता येत नाहीत.) म्हणजे बऱ्याचदा आपल्याला जे टोचतं ते कायद्याच्याच बाजूचं असतं.

मग त्याच कागदात तिच्या नावाच्या जागी स्वतःचं नाव घालून मोठ्याने वाचा. मी आत्याच्या कागदावर हे करून बघितलं आणि तिसऱ्या ओळीलाच थांबलो. फसवून किंवा धमकावून सही घेतली तर कोर्टात जाता येतं, पण "माहेर तुटेल" ही भीती कुठल्या पुराव्यात मांडणार? तिथे कायदा संपतो, पुढचं आपल्यावर.

आता उलटी केस, कायदाच आडवा आला तर? इथे महाडला जायचं. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांनाही खुले करायचा सी. के. बोल्यांचा ठराव झाला, १९२४ ला नगरपालिकेने चवदार तळं सगळ्यांना खुलं केलं, कागदावर सगळं छान, प्रत्यक्षात अस्पृश्यांना पाण्याला हात लावायची सोय नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. पुढे विरोधकांनी कोर्टातून मनाई आणली. डिसेंबरात परत सगळे जमले, तळ्यावर जायला तयार, आणि बाबासाहेबांनी काय केलं? मनाई पाळली, लोकांना समजावलं, २५ तारखेला मनुस्मृती जाळली आणि खटला लढत राहिले, हायकोर्टात १९३७ ला जिंकले! ज्या रिवाजाला मान द्यायचा नव्हता तो उघड जाळला आणि कोर्टाचा मान ठेवला, हा फरक मला फार उशिरा कळला.

१९३० ला शिरोड्याला मिठाचा कायदा मोडला तोही दिवसाढवळ्या, तुरुंगात जायची तयारी ठेवून. त्यामुळे गुपचूप सीआरझेड (किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम) मोडून होमस्टेवर मजला चढवायचा आणि वर "कायदाच चुकीचा आहे" म्हणायचं, हे त्यात धरू नका.

आणि बहीण खरंच म्हणाली, मला नको, तर? घ्या सही. पण आधी तिला एकटीला बसवून विचारा, भाऊ-वहिनी कोणी नको, सातबारा समोर ठेवून तिचा हिस्सा आकड्यात सांगा, आणि गणपती विसर्जन होऊन चार दिवस जाऊ द्या.