जुलाब, उन्हाळा आणि अँटिबायोटिक: हृदयाचे ठोके बिघडवणाऱ्या या चुका टाळा

अॅझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, लेव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन ही कामाची औषधं आहेत आणि बहुतेकांना त्यांनी हृदयाचा काही त्रास होत नाही. धोका क्वचित असतो, पण होतो तेव्हा जिवावर बेततो. आणि बहुतेक वेळा तो एकट्या गोळीमुळे नसतो. तिच्यासोबत पोटात काय गेलं आणि अंगातून काय निघून गेलं, यावर तो ठरतो.

प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर पडतं, तेव्हा ती पुढच्या ठोक्यासाठी तयार होते. ही औषधं पोटॅशियमची ती वाट काही प्रमाणात अडवतात. त्यामुळे तयार व्हायला जास्त वेळ लागतो. ईसीजीवर हा वेळ ‘क्यूटी’ म्हणून मोजतात. ठोक्यांच्या गतीनुसार दुरुस्त केलेला आकडा पुरुषांत ४५०, बायकांत ४६० मिलिसेकंदांच्या आत असावा. ५०० च्या पुढे गेला की ठोके अचानक बेताल होऊन शुद्ध हरपू शकते.

जुलाबात आधी गोळी, मग पाणी घेणं

चंद्रपूर-नागपूरकडच्या मे महिन्यात जुलाब लागले की मेडिकलमधून ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल आणून घेणं नेहमीचं आहे. पण जुलाबात पोटॅशियम आणि मॅग्नेशियम वाहून जातं, आणि रक्तात पोटॅशियम कमी असलं की ही औषधं पेशीची वाट जास्तच अडवतात. ऑफ्लॉक्सासिनही लेव्होफ्लॉक्सासिनच्याच गटातलं. साध्या पातळ जुलाबाला बहुधा अँटिबायोटिक लागतच नाही. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घाला. त्यात दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असतं. मीठ-साखरेच्या पाण्यात आणि साध्या ग्लुकोज पावडरीत ते नसतं. किडनीचा आजार असेल तर ओआरएस किती घ्यायचं तेही डॉक्टरांना विचारा, कारण तिथे पोटॅशियम उलट वाढू शकतं.

सोबतच्या गोळ्या न सांगणं

नेहमी घडणारी आणि सहज टाळता येणारी चूक हीच. अॅसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये बऱ्याचदा डॉम्पेरिडोन असतं आणि घेणाऱ्याला ते ठाऊक नसतं. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन ते शरीरातून लवकर निघू देत नाही. ही जोडी नकोच. उलटीची ऑन्डान्सेट्रॉन, बुरशीची फ्लुकोनाझोल, नैराश्याची एस्सिटालोप्राम, ठोक्यांची अमिओडॅरोन, गडचिरोली-गोंदियाकडे मलेरियात मिळणारी क्लोरोक्वीन, या सगळ्या क्यूटी वाढवतात. बीपीची किंवा पाय सुजल्यावरची लघवीची गोळी (फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड, हायड्रोक्लोरोथायझाइड) पोटॅशियम घालवते. चिठ्ठी हरवली असेल तर घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या.

औषधप्रतिरोधक टीबीवर बेडाक्विलीन चालू असेल, तर सर्दी-खोकल्यासाठी मेडिकलमधून अॅझिथ्रोमायसिन कधीच घेऊ नका. त्या उपचारात अधूनमधून ईसीजी काढतात तो याचसाठी. ती तारीख चुकवू नका.

कोर्स संपला म्हणजे औषध संपलं, असं समजणं

अॅझिथ्रोमायसिनचं शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला सुमारे ६८ तास लागतात. म्हणजे तीन गोळ्या संपल्यावरही आठवडाभर दुसरं औषध सुरू करताना ते सांगायलाच हवं.

वय जास्त, हृदय कमजोर, नाडी मंद, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल, तर आधी ईसीजी आणि पोटॅशियम तपासून घ्या (हृदयरोग्यात पोटॅशियम लिटरमागे ४ मिलिमोलच्या वर ठेवणं बरं). अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये अॅझिथ्रोमायसिनबद्दल इशारा दिला तो अशाच रुग्णांसाठी. मात्र न्यूमोनियासाठी दिलेलं औषध भीतीने स्वतःहून बंद करू नका. बदलून मिळेल का ते विचारा.

भोवळीला ऊन किंवा फिट समजणं

हे औषध चालू असताना धडधड होऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, माणूस पडला, हातपाय झटकले, तर कांदा हुंगवत बसू नका. १०८ ला फोन करा. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ सेंटिमीटर खोल दाबत राहा. दवाखान्यात पोचताच अँटिबायोटिकचं नाव आधी सांगा. या बिघाडावर शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट देतात, आणि ग्रामीण रुग्णालयात ते बाळंतिणींच्या झटक्यांसाठी प्रसूतिकक्षात ठेवलेलं असतं. बरं वाटल्यावर त्या औषधाचं नाव फाइलवर ठळक लिहून घ्या. अँटिबायोटिक बंद करून बरेच दिवस झाल्यावरही क्यूटी लांबलेलाच राहिला, तर दोष घराण्यातून आलेला असू शकतो, म्हणून सख्ख्या भावंडांचा आणि मुलांचाही ईसीजी काढा.