सेडानला सायकल रॅक घ्यायचाय? आधी डिकीचं झाकण बघा

आमच्या डिझायरच्या डिकीवर उजव्या बाजूला अंगठ्याएवढा पोचा आहे. गाडी पुसताना माझं फडकं तिथे पोचलं की नवरा काही बोलत नाही, नुसता बघतो. तो पोचा चोवीसशे रुपयांच्या सायकल रॅकने पाडलाय आणि तो रॅक मी मागवला होता. ऑनलाइन, रात्री साडेअकराला, 'सर्व गाड्यांना बसतो' एवढ्या एका ओळीवर विश्वास ठेवून. त्यानंतर दुसरा रॅक घ्यायला मी चार महिने लावले. त्या चार महिन्यांत जे कळलं ते इथे लिहितेय.

आम्ही नाशिकचे. रविवारी गंगापूर धरणापर्यंत किंवा त्र्यंबकला सायकलनेच जातो, त्याला गाडी लागत नाही. पण भंडारदऱ्याला शेंडीपासून पांजरे, घाटघर, साम्रद, रतनवाडी असा धरणाला वळसा घालायचा म्हटलं की घरापासून पॅडल मारत जाणं मला झेपत नाही. शिवाय समृद्धीवर सायकल चालतच नाही. म्हणजे सायकल गाडीवर लादणं आलं.

रॅक हवाच आहे का, हे मात्र आधी ठरवा. एकटीच जाणार असेन तर मी आजही रॅक लावत नाही. दोन्ही चाकं काढायची, मागच्या सीटवर जुनी चादर अंथरायची, साखळीची बाजू वर ठेवून फ्रेम आत सरकवायची आणि चाकं पुढच्या सीटच्या मागे उभी करायची. क्विक रिलीजची, म्हणजे पान्याशिवाय खटका ओढून निघणारी चाकं असतील तर पाच मिनिटांचं काम. तुमच्या सेडानची मागची सीट पुढे पडत असेल तर डिकीतूनही एक सायकल आत जाते. आमची पडत नाही आणि डिकीत सीएनजीची टाकी आहे, त्यामुळे तो मार्ग बंद. दोन माणसं आणि दोन सायकली झाल्या की मग रॅकशिवाय गत्यंतर नाही.

आता प्रकार. टो-हिचवर, म्हणजे ट्रेलर ओढायला गाडीच्या मागे लावतात त्या लोखंडी जोडावर बसणारा रॅक सगळ्यात सोयीचा असतो, हे व्हिडिओत दिसतं. पण आपल्याकडच्या सेडानला हिच सहसा नसतोच, आणि कुणाकडून तरी वेल्डिंग करून बसवून घ्यायचा असेल तर मी त्यात पडणार नाही. व्हॅक्यूम कपचे रॅकही आहेत, छताला आणि काचेला चिकटणारे. त्यांना आरशासारखा स्वच्छ पत्रा लागतो, आणि प्रवासात मध्येमध्ये थांबून व्हॅक्यूम धरून आहे ना हे बघावं लागतं. घोटीच्या पुढे ट्रकमागची धूळ खाताना तेरा किलोची सायकल रबरी कपांच्या भरवशावर वर ठेवायची, एवढी माझी छाती नाही. राहिले दोन: डिकीवर पट्ट्यांनी बांधायचा आणि छतावरचा.

डिकीवरच्या रॅकचं गणित सगळं झाकणात आहे. हॅचबॅकला मागचा दरवाजा मोठा, जवळजवळ उभा, त्यामुळे रॅकचे पाय कुठेही टेकतात. सेडानचं झाकण आखूड आणि वरून सपाट असतं. रॅकचे वरचे पाय काचेच्या खालच्या त्या सपाट पट्टीवर बसतात, खालचे बंपरवर. वरचे हूक काचेजवळच्या फटीत, बाजूचे झाकणाच्या कडांना, खालचे झाकणाच्या तळाला. या जागा प्रत्येक गाडीत वेगळ्या असतात. परदेशी कंपन्यांच्या साइटवर गाडीचं मॉडेल आणि साल टाकलं की कोणता रॅक बसेल ते सांगतात, पण त्या याद्या बऱ्याचदा तिकडच्या गाड्यांच्या असतात. डिझायर अमेरिकेत विकलीच जात नाही, तर त्यांच्या यादीत सापडणार कुठून? स्वतः मोजणं भाग आहे.

मी काय काय मोजलं ते सांगते. पहिली गोष्ट फट. झाकण बंद असताना कडेच्या फटीत जुनी एटीएम कार्डं एकावर एक धरून सारून बघा. चार कार्डं म्हणजे साधारण ३ मिलिमीटर. रबर चढवलेला हूक त्याहून जाड असेल तर तो रंग खरवडतच आत जाणार. आमच्या पहिल्या रॅकचे हूक नुसते वाकवलेल्या पत्र्याचे होते, वर रबराचं पातळ मोजं, आणि ते दुसऱ्याच खेपेला फाटलं.

दुसरी गोष्ट पत्रा. अंगठ्याने झाकण दाबत दाबत जा. मधोमध तो डबडब आत जातो, कडेला किंवा घडी असते तिथे घट्ट लागतो. रॅकचे पाय त्या घट्ट जागेवर टेकले पाहिजेत. आमचा पोचा इथेच पडला: उजवा पाय मऊ पत्र्यावर होता आणि मी पट्टा जीव खाऊन ओढला. म्हणून पायांमधलं अंतर कमीजास्त करता येणारा रॅक घ्या. बंपरही प्लॅस्टिकचा असतो. त्याच्या कोपऱ्यावर नाही, मधल्या ठोस भागावर पाय येतोय ना ते बघा.

तिसरी स्पॉयलर. हौसेने बाजारातून आणून चिकटवलेला असेल तर त्यावरून पट्टा घेऊ नका. तो दोन बाजूंच्या टेपवर बसलेला असतो, पट्टा ताणला की तो टेप सोडतो. काचेवरही पाय टेकायचा नाही.

चौथी सायलेन्सर, जी कुणी सांगत नाही. सायकल लटकली की तिचं चाक कुठे येतं ते बघा. नळीच्या तोंडासमोर टायर आला तर तासाभराच्या प्रवासात रबर मऊ पडतं. आमच्या गाडीत नळी एका बाजूला आहे, म्हणून त्या बाजूचं चाक वर येईल अशी सायकल बांधतो.

आणि पाचवी नंबरप्लेट. तिच्यासाठी तर दोघांनी मिळून तासभर घालवला. डिझायरची प्लेट डिकीच्या झाकणावरच आहे, म्हणजे सायकलच्या फ्रेमच्या अगदी मागे. सायकल खाली लटकली तर प्लेट पॅडल आणि साखळीच्या आड जाते. दुकानात रॅक चढवून, त्यावर सायकल टांगून, मी दहा पावलं मागे गेले आणि नंबर वाचला. पहिल्या रॅकवर शेवटचे दोन आकडे दिसत नव्हते. आम्ही घेतलेल्या रॅकचे हात इतके वर येतात की फ्रेमखालून पूर्ण नंबर वाचता येतो आणि दोन्ही टेललाइट मोकळे राहतात. दुकानदार म्हणाला, 'ताई, कोण बघतंय एवढं?' पोलीस बघतात. आणि पोलिसांपेक्षा जास्त मागचा ट्रकवाला बघतो, त्याला माझा ब्रेकलाइट दिसला पाहिजे.

सायकलची लांबी गाडीच्या रुंदीएवढीच असते हेही लक्षात ठेवा. डिझायर १७३५ मिलिमीटर रुंद आहे, माझी हायब्रिड सायकल १७५० भरली. आरशांच्या बाहेर जात नाही, पण गल्लीत रिव्हर्स घेताना मी आता खाली उतरून बघते. कारण रिव्हर्स कॅमेऱ्यात फक्त स्पोक दिसतात आणि सेन्सर सारखा कोकलत असतो.

दोन गोष्टी मला रॅक घरी आल्यावर कळल्या. सायकली चढवल्या की डिकी उघडत नाही. पिशव्या, पाणी, पंप, सगळं आधी मागच्या सीटवर घ्या. आणि स्टेपनी डिकीतच असते! टाकेदच्या फाट्याजवळ आमचं चाक बसलं तेव्हा भर उन्हात दोन सायकली उतरवल्या, रॅक सोडला, मग स्टेपनी निघाली. तेव्हापासून निघायच्या आदल्या दिवशी पेट्रोल पंपावर चारही चाकांसोबत स्टेपनीचीही हवा बघते, आणि पंक्चर किट पुढच्या सीटखाली असतं.

छतावरच्या रॅकला हे त्रास नाहीत. डिकी उघडते, प्लेट दिसते, कॅमेरा मोकळा. सेडान बुटकी, दीड मीटरची, त्यामुळे एसयूव्हीपेक्षा सायकल वर चढवणं सोपं. माझी उंची पाच फूट एक इंच, मला तरी एक प्लॅस्टिकचं स्टूल लागतं. पण आपल्या बहुतेक सेडानच्या छताला रेल नसतात. दरवाज्याच्या चौकटीला चिमटे लावून आडव्या दांड्या बसवाव्या लागतात, आणि त्या चिमट्यांचं किट गाडीच्या मॉडेलप्रमाणे वेगळं येतं. थुलेसारख्या रॅक बनवणाऱ्या कंपन्यांचं घ्यायचं तर दांड्या, किट आणि सायकलचे ट्रे असे तीन वेगळे खर्च. पहिल्या खर्चावर भुलू नका, तिन्हींची बेरीज विचारा.

त्याआधी गाडीचं मॅन्युअल काढा. छतावर किती किलो चालतं ते त्यात शोधा, आणि तेवढ्यात सायकलींसोबत दांड्या-ट्रेही आले हे विसरू नका. आमचा हिशेब असा होता: दांड्या आणि चिमटे ५ किलो, दोन ट्रे ८, माझी सायकल १३, नवऱ्याची रोडबाइक ९. झाले ३५. मुलाची जाड टायरची धरली तर ५१. सायकलचं वजन घरच्याच काट्यावर कळतं: आधी एकट्याने उभं राहायचं, मग सायकल उचलून, आणि वजाबाकी करायची.

छताचा खरा धोका उंचीचा. दीड मीटरची गाडी आणि वर उभी सायकल मिळून अडीच मीटरच्या वर जाते. सोसायटीच्या तळघरातलं पार्किंग, हॉटेलची पोर्च, बँकेतल्या माझ्या मैत्रिणीच्या घराचं लोखंडी गेट, सगळं यात अडकतं. त्या मैत्रिणीने घरी पोचल्याच्या आनंदात गेटच्या कमानीत सायकल घातली. फ्रेम गेली, छताला घडी पडली. तिने आता एक युक्ती काढली आहे: सायकल वर असली की हेल्मेट गियरच्या दांड्यावर अडकवून ठेवायचं. गियर टाकताना हाताला लागतं आणि आठवतं.

आम्ही शेवटी डिकीचाच घेतला, कारण तो दोन मिनिटांत निघतो आणि माळ्यावर जातो. वर्षातून बारा-पंधरा वेळा लागणाऱ्या गोष्टीसाठी छतावर कायम दांड्या ठेवून वाऱ्याची शिट्टी ऐकायची नव्हती. तुम्ही दर शनिवारी जात असाल, किंवा कार्बनची महाग सायकल असेल, तर छतावरचाच बघा, आणि तोही चाकाला किंवा फोर्कला, म्हणजे पुढचं चाक बसतं त्या दुहेरी दांड्याला, धरणारा. कार्बनच्या फ्रेमला चिमटा लावून आवळणं म्हणजे नळी चिरायला बोलावणं. माझ्या सायकलची वरची दांडी तिरकी आहे, त्यामुळे रॅकच्या हातांवर ती एका बाजूला घसरते. त्यासाठी सीटच्या खांबापासून हँडलपर्यंत आडवी दांडी जोडायचा एक अडॅप्टर मिळतो, तो घेतला. लेडीज सायकल असेल तर तो लागणारच.

रॅकवर प्रत्येक सायकलमागे किती किलो चालतं ते लिहिलेलं असतं. बॅटरीची सायकल सहज २० किलोच्या वर जाऊ शकते, पट्ट्यांच्या रॅकवर ती नको.

आता बांधायचं कसं ते. रॅकचे पाय टेकतात तिथला पत्रा आधी ओल्या फडक्याने पुसा. धूळ राहिली तर रबर आणि रंगामध्ये ती पॉलिश पेपरचं काम करते. मी पायांखाली जुन्या सुती साडीचा तुकडा ठेवायचे, तो ओला होऊन घसरतो असं लक्षात आलं. आता पारदर्शक फिल्मचे चार चौकोन कायमचे चिकटवलेत. जड सायकल आधी, गाडीच्या जवळ. तिच्या गाडीकडच्या बाजूचं पॅडल काढून टाका, नाहीतर ते डिकीला ठोकत बसतं. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं. मी पहिल्यांदा ते उलट आवळत बसले होते. दुसरी सायकल पहिलीच्या उलट तोंडाची लावा. पुढचं चाक फ्रेमला बांधा, नाहीतर वळणावर हँडल फिरतं आणि रंगाला लागतं. पाण्याच्या बाटल्या, पंप, दिवे उतरवून आत घ्या. सगळ्या पट्ट्यांची मोकळी टोकं गुंडाळून खोचा. लांब पट्ट्याला एक पीळ द्या, म्हणजे वाऱ्यात तो भुणभुणत नाही.

पट्ट्यांच्या रॅकला सहसा कुलूप नसतं. म्हणून दोन्ही फ्रेममधून साखळी घालते आणि चहाला गाडी दिसेल अशाच टेबलावर बसते.

पट्टे पहिल्या काही किलोमीटरमध्येच सैल पडतात, कारण रॅक स्वतःची जागा शोधत असतो. आमचं ठरलंय. पाथर्डी फाटा ओलांडला की विल्होळीच्या अलीकडे गाडी कडेला. नवरा डावीकडचे बकल बघतो, मी उजवीकडचे, मग सायकल धरून जोरात हलवायची. गाडी हलली पाहिजे, रॅक नाही. दुसऱ्यांदा घोटीला. त्यानंतर ८०च्या वर जात नाही, मुलगा मागून कितीही 'आई, चल ना' म्हणाला तरी.