संडे स्कूलच्या नव्या शिक्षकांसाठी: प्रार्थना आणि क्षमा शिकवताना

पाळकसाहेबांनी ‘पुढच्या रविवारपासून लहान मुलांचा वर्ग तुमच्याकडे’ असं सांगितलं, की नवे शिक्षक आधी चित्रं, गाणी आणि बक्षिसांच्या मागे लागतात. ते सगळं लागतंच. पण पाच ते बारा वर्षांच्या मुलांना प्रार्थना आणि क्षमा शिकवायची असेल, तर त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा: माझ्या वर्गात मुलाला खरं बोलता येतं का? नगरच्या आमच्या मंडळीत मी बरीच वर्षं लहान गट घेते आहे, आणि हे दोन्ही विषय शेवटी याच प्रश्नावर येऊन थांबतात असं मला ठामपणे वाटतं. देवाला खरं सांगणं म्हणजे प्रार्थना. झालेलं वाईट वाईटच होतं, हे खरं सांगितल्याशिवाय क्षमेला सुरुवातच होत नाही.

रॉबर्ट रेक्स यांनी 1780 मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरला रविवारची शाळा सुरू केली, ती आठवडाभर राबणाऱ्या गरीब मुलांना लिहा-वाचायला शिकवण्यासाठी. नगरला अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचं काम 1831 मध्ये सुरू झालं, तेव्हा इथेही धर्मशिक्षण आणि अक्षरओळख हातात हात घालूनच आली. आज आपली मुलं सहा दिवस शाळेत आणि वर क्लासला जातात. त्यामुळे रविवारच्या तासाला पुन्हा शाळा करू नका. वचन पाठ झालं नाही म्हणून उभं करणं, प्रार्थना म्हणता आली नाही म्हणून बक्षीस न देणं, हे टाळाच. पाठांतराला माझा विरोध नाही. लहानपणी पाठ केलेली स्तोत्रं आजारपणात माणसाला कशी धरून ठेवतात ते मंडळीतल्या म्हाताऱ्या माणसांकडे पाहून कळतं. पण पाठांतर वेगळं आणि प्रार्थना वेगळी, हे मुलांना आपल्या वागण्यातून दिसायला हवं.

वर्गात ‘आता कोण प्रार्थना करणार?’ असं विचारलं, की एखादं चुणचुणीत मूल उठतं आणि ‘हे सर्वसमर्थ, दयाळू, कृपाळू स्वर्गीय पित्या’ पासून थेट ‘आमेन’ पर्यंत मोठ्यांचीच प्रार्थना म्हणून दाखवतं. त्याचं कौतुक होतं, आणि मागे बसलेल्या लाजऱ्या मुलाला वाटतं की आपल्याला हे जमणार नाही. येशूने मात्र उलट शिकवलं. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात तो सांगतो की खोलीत जा, दार लावून घे आणि पित्याशी बोल. पुष्कळ बोलल्याने आपलं ऐकलं जाईल असं समजू नका. म्हणून मी उठवून प्रार्थना करायला लावत नाही. चटईवर गोल बसतो. मी एक वाक्य म्हणते, शेजारचा एक म्हणतो, पुढचा एक. ज्याला बोलायचं नाही तो नुसता ‘आमेन’ म्हणतो आणि पाळी पुढे जाते. काही मुलं कितीतरी महिने नुसती ‘आमेन’वरच असतात. असू द्या.

सुरुवातीला मुलं भाकर, परीक्षा आणि आजी यांच्यासाठी प्रार्थना करतात. मग एक दिवस कुणीतरी म्हणतं, ‘पप्पांनी रात्री आरडाओरडा करू नये.’ त्या क्षणी वर्ग तुमच्याकडे पाहत असतो. दचकू नका, विषय बदलू नका, आणि तिथल्या तिथे चौकशीही करू नका. ‘प्रभू, तू हे ऐकलंस’ एवढं म्हणा आणि पुढे जा. नंतर त्या मुलाशी सावकाश बोला. वर्गातलं प्रार्थनेचं वाक्य उपासनेनंतरच्या चहात कुणाच्याही कानावर जाता कामा नये. एकदा ते बाहेर गेलं, की ते मूल पुन्हा परीक्षेतल्या मार्कांसाठीच प्रार्थना करतं.

मुलांना रागाने आणि दुःखाने प्रार्थना करता येते, हे मुद्दाम शिकवावं लागतं. त्यासाठी 13 वं स्तोत्र घ्या. ते फक्त सहा ओव्यांचं आहे आणि ‘परमेश्वरा, कुठवर?’ या तक्रारीनेच सुरू होतं. देवाला असं विचारलेलं चालतं, हे ऐकून आठ-नऊ वर्षांची मुलं चकित होतात. हन्नाची गोष्टही इथेच सांगा. ती मंदिरात इतक्या दुःखाने मनातल्या मनात प्रार्थना करत होती, की एली याजकाला ती प्यायलेली वाटली.

न मिळालेल्या मागण्यांचं काय करायचं, हा प्रश्न तुम्हाला पहिल्याच वर्षी विचारला जाईल. आजीसाठी महिनाभर प्रार्थना केली आणि आजी गेली. अशा मुलाला ‘तुझा विश्वास कमी पडला’ असं कधीही म्हणू नका. तो घाव वर्षानुवर्षं राहतो. ‘देवाला आजी आवडली म्हणून त्याने नेली’ हेही नको. लहान मुलाला मग देवाचीच भीती वाटते, कारण आईही देवाला आवडत असेल. मी गेथशेमाने बागेची, येशूला पकडलं त्या रात्रीची, गोष्ट सांगते. येशूनेही मागितलं होतं, की हा प्याला माझ्यापासून दूर कर. तो दूर झाला नाही. शिष्य झोपले होते आणि तो एकटा होता. यापलीकडे माझ्याकडे उत्तर नाही, आणि मुलांना ते पुरतं. ‘मग येशूला माहितीय, कसं वाटतं ते,’ असं एका मुलीने म्हटलं होतं. मी त्यात काही भर घातली नाही.

प्रभूची प्रार्थना शिकवताना ती एकदम पाठ करून घेऊ नका. एका रविवारी एक मागणी घ्या, आणि ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ इथून सुरू करा, कारण ते सगळ्यात लहानालाही कळतं. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ ही ओळ शेवटी ठेवा. शिक्षकाने एक लक्षात ठेवावं: मत्तयच्या शुभवर्तमानात प्रार्थना संपल्यावर येशू ज्या एकाच मागणीकडे परत वळतो, ती ही. तुम्ही क्षमा केली नाही तर पिताही करणार नाही, असं तो लगेच पुढच्या दोन ओव्यांत सांगतो. हे वचन खरं आहे आणि जड आहे. सहा वर्षांच्या मुलावर ते धमकीसारखं फेकू नका. थोडी मोठी मुलं असतील तर मत्तयच्या अठराव्या अध्यायातला निर्दय चाकराचा दाखला घ्या (राजाने ज्याचं प्रचंड कर्ज सोडलं, तोच चाकर आपल्या सोबत्याला कर्जासाठी तुरुंगात टाकतो), आणि त्याला दोन रविवार द्या. क्षमेबद्दल मुलांना शिकवण्यासाठी याहून चांगलं साधन मला तरी सापडलेलं नाही.

दाखल्याच्या आधी शिष्य पेत्र येशूला विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशू म्हणतो, साताच्या सत्तर वेळा. इथे वर्गातलं कुणीतरी लगेच ‘चारशे नव्वद!’ ओरडणारच. ओरडू द्या. मग विचारा, 490 पर्यंत मोजायला वही ठेवली तर ती क्षमा झाली का? शिक्षकाने स्वतःसाठी बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, चौथा अध्यायही वाचून ठेवावा. तिथे लामेख सत्त्याहत्तरपट सूड घेण्याची बढाई मारतो. येशू तोच हिशेब उलटा फिरवतो आहे.

दुसऱ्या रविवारी फळ्यावर गणित मांडा. पहिल्या चाकराचं कर्ज दहा हजार टॅलेंट, दुसऱ्याचं शंभर दिनार. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात तोच दर ठरला आहे. एका टॅलेंटचे साधारण सहा हजार दिनार. म्हणजे पहिल्याचं कर्ज झालं 6 कोटी दिवसांची मजुरी. वर्षातले 300 दिवस काम धरलं तर फेडायला 2 लाख वर्षं. मुलं हा भागाकार फार आनंदाने करतात, आणि ‘मी सर्व फेडीन’ म्हणणारा चाकर किती अशक्य बोलतो आहे हे त्यांना आपोआप उमगतं.

आता दुसऱ्या आकड्यापाशी थांबा. बहुतेक शिक्षक इथे घाई करतात आणि ‘दुसऱ्याचं कर्ज अगदी क्षुल्लक होतं’ असं सांगून मोकळे होतात. ते तसं नाही. शंभर दिवसांची मजुरी म्हणजे तीन महिन्यांहून जास्त घर चालवण्याचे पैसे. ज्याच्या घरी मजुरीवर चूल पेटते, त्या मुलाला ते बरोबर कळतं. तुझं दुखणं काहीच नाही, असं येशू म्हणत नाही. तुझं येणं खरं आहे, मोठंही आहे. पण तुला जे सोडलं गेलं ते याच्याही पलीकडचं आहे, असं तो म्हणतो. ज्या मुलाला वर्गात कुणी चिडवलं, ज्याचा कंपास फोडला, त्याच्याशी ‘जाऊ दे रे, काय एवढं’ या भाषेत बोललं तर आपण दाखल्याच्या विरुद्ध शिकवतो.

म्हणूनच भांडण झाल्यावर ‘सॉरी बोल, हात मिळव, झालं’ ही पद्धत मी माझ्या वर्गात ठेवलेली नाही. दोघांना वेगवेगळं बसवा. प्रत्येकाला काय झालं ते पूर्ण सांगू द्या, मध्ये तोडू नका. ज्याने मारलं त्याने ‘मी मारलं’ असं म्हणावं, ‘त्याने आधी...’ नंतर. ज्याला लागलं त्याला ‘अजून नाही’ म्हणायची मुभा द्या. भावांनी विकून टाकलेल्या योसेफाचं उदाहरण इथे कामी येतं. सतरा वर्षांचा असताना त्याची गोष्ट सुरू होते, तिसाव्या वर्षी तो फारोपुढे उभा राहतो, मग सुकाळाची सात वर्षं, दुष्काळाची दोन. म्हणजे भावांच्या गळ्यात पडून रडायला त्याला वीस वर्षांहून जास्त काळ लागला. आणि त्याआधी भाऊ बदललेत की नाही, हे त्याने पाहून घेतलं. मुलांना हे सांगितलं की ‘अजून नाही’ म्हणणाऱ्याला अपराधी वाटत नाही, आणि बहुतेकदा तो पुढच्या रविवारी स्वतःहून येतो.

नुकसान भरून देणं हाही क्षमेच्या धड्याचा भाग आहे. जकातदार जक्कय येशूला पाहायला उंबराच्या झाडावर चढला एवढंच चित्र रंगवून थांबू नका. त्याने फसवून घेतलेलं चौपट परत देण्याचं कबूल केलं, तिथपर्यंत जा. नाथान संदेष्ट्याने दावीदाला गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगितली तेव्हा दावीदही रागाने चौपटच म्हणाला होता, आणि मग कळलं की तो माणूस आपणच. (दावीदाने नेमकं काय केलं हे लहान गटाला सांगायची गरज नाही, ‘जे त्याचं नव्हतं ते त्याने घेतलं आणि ते लपवण्यासाठी एका माणसाचा जीव घेतला’ एवढं पुरे.) वर्गात कुणाची पेन्सिल घेतली असेल तर प्रार्थनेआधी ती परत जायला हवी.

लूकच्या शुभवर्तमानातल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यात, पैसा उडवून परतलेल्या धाकट्यासाठी बाप मेजवानी देतो तेव्हा, बरीच मुलं घरीच राबलेल्या थोरल्या भावाची बाजू घेतील. ‘त्याला साधं करडूही दिलं नाही, हे बरोबर नाही!’ त्यांना घाईने गप्प करू नका. बापही थोरल्याला रागावत नाही. तो बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. थोरला आत गेला की नाही, हे लूकने लिहिलेलंच नाही. मी मुलांना शेवट स्वतः लिहायला सांगते आणि कुठलाच शेवट चुकीचा ठरवत नाही.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट, आणि ही प्रत्येक नव्या शिक्षकाने पहिला वर्ग घेण्याआधी समजून घ्यावी. मोठ्या माणसाने मुलाला मारहाण केली असेल किंवा नको तिथे हात लावला असेल, तर त्या मुलाला क्षमेचा धडा द्यायचा नाही. ‘क्षमा कर आणि कुणाला सांगू नकोस’ हे वाक्य ख्रिस्ती शिकवणीच्या नावाने मुलांना ऐकवलं गेलं आहे, आणि ते पाप आहे. ज्या अठराव्या अध्यायात साताच्या सत्तर वेळा आहे, त्याच अध्यायाच्या सहाव्या ओवीत लहानांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याची भाषा येशू करतो. क्षमेने गुन्हा झाकला जात नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका असेल तर 2012 च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. ‘आधी कमिटीत बोलू’ असं कुणी म्हटलं तरी थांबू नका. 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक वर्गाच्या भिंतीवर मुलांना दिसेल असा लावा. वर्गात नेहमी दोन मोठी माणसं असावीत, दार उघडं असावं. मुलाने काही सांगितलं तर म्हणा, ‘तू सांगितलंस हे बरं केलंस, यात तुझी चूक नाही.’ कुणाला सांगणार नाही असं वचन मात्र देऊ नका, कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही.

शेजारच्या घरातली, दुसऱ्या धर्माची मुलं मित्रांबरोबर उन्हाळ्यातल्या शिबिराला येतात. त्यांच्या आईवडिलांना आपण काय शिकवतो हे आधी स्वतः जाऊन सांगा आणि त्यांची हरकत नसेल तरच मुलाला बसवा.

आपल्या मुलांच्या पालकांनाही महिन्यातून एकदा भेटा. काय पाठ झालं यापेक्षा घरी काय चालतं ते विचारा. जेवणाआधीची प्रार्थना कोण करतं? मुलाला रागावल्यावर, आपलं चुकलं असेल तर आई-वडील त्याची क्षमा मागतात का? हा दुसरा प्रश्न विचारायला धीर लागतो, आणि काही घरांत तो आवडत नाही. तरी विचारा. एका वडिलांनी पुढच्या भेटीत सांगितलं की त्यांनी मुलीची क्षमा मागितली, आणि त्या रात्री तिने झोपण्याआधीची प्रार्थना पहिल्यांदाच त्यांच्यासमोर मोठ्याने केली.