ड्रेस्डेनहून प्रागला एकटीने जाताना

जर्मनीतलं ड्रेस्डेन ते चेक प्रजासत्ताकातलं प्राग, गाडीने अडीच तासांच्या आतबाहेर. आमच्या मिरजेहून साताऱ्याला जायला साधारण तेवढाच वेळ लागतो, आणि घोटाळा तिथेच होतो. साताऱ्याला निघताना कोण कागदपत्रं तपासत बसतं? मी पहिल्यांदा प्रागला गेले तेव्हा पासपोर्ट घेतला, मेतकुटाची पुडी घेतली आणि रेसिडेन्स परमिटचं, म्हणजे जर्मनीत राहण्याच्या परवान्याचं कार्ड खोलीवरच्या टेबलावर राहिलं. जाताना कोणी विचारलं नाही. येताना सीमेजवळच्या बाड शांडाऊ या जर्मन स्टेशनला पोलीस डब्यात चढले. (जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून जमिनीवरच्या सगळ्याच सीमांवर तपासणी सुरू केली, चेक सीमेवर तर त्याच्याही आधीपासून होती.) मी मोबाइलमधला कार्डाचा फोटो दाखवला. फोटो चालत नाही, कार्ड दाखवा, म्हणाले. मला खाली उतरवलं, नाव-जन्मतारीख संगणकात घालून पाहिली आणि सोडून दिलं. आवाज कोणी चढवला नाही, पण गाडी गेली ती गेलीच.

तेव्हा तिकीट काढायच्या आधी पासपोर्ट आणि परमिट दोन्ही समोर ठेवा आणि तारखा वाचा. जर्मनीचं विद्यार्थी परमिट असेल तर बाकीच्या शेंगेन देशांत (म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) कुठल्याही १८० दिवसांत मिळून ९० दिवस फिरता येतं, वेगळा व्हिसा लागत नाही. नवीन आला असाल आणि हातात अजून भारतातून आणलेला डी व्हिसाच (लांबच्या मुक्कामाचा व्हिसा) असेल, तरी त्याची मुदत संपेपर्यंत हेच लागू. क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, रोमानिया-बल्गेरिया जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे. आयर्लंड आणि ब्रिटन मात्र नाहीत. 'युरोपातच तर आहे' म्हणून डब्लिनचं स्वस्त विमान बुक करू नका.

खरी भानगड परमिटचं नूतनीकरण अडकलेलं असतं तेव्हा. मग हातात येते ती फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग, म्हणजे अर्जाचा निर्णय होईपर्यंतचं तात्पुरतं प्रमाणपत्र, एक घडीचा कागद. त्यावर कुठल्या चौकटीत खूण आहे यावर सगळं अवलंबून. जर्मनीच्या निवास कायद्याचं कलम ८१, पोटकलम ४ समोर खूण असेल तर जुनं परमिट चालूच आहे असं धरलं जातं आणि परत येता येतं. पोटकलम ३ समोर असेल तर त्या कागदावर परत येता येत नाही, मुकाट्याने ड्रेस्डेनमध्ये राहा, प्राग कुठे पळून जात नाही. जरा जरी शंका आली तरी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या. सीनियर सांगतो त्यावर विसंबू नका. त्याची खूण वेगळ्या चौकटीत असू शकते.

विम्याचं सोपं आहे. सरकारी आरोग्य विमा असेल तर कार्ड उलटं करून बघा, मागची बाजू म्हणजेच युरोपियन आरोग्य विमा कार्ड. खाजगी विमा असेल तर परदेशात काय चालतं ते विचारून घ्या. फोनचं पॅकही युरोपियन युनियनमध्ये तसंच चालतं. स्वित्झर्लंडला जाणार असाल तर आधी तपासा, तिथे बिल फुगतं.

पैशांत मात्र प्रागमध्ये डोळे उघडे हवेत. तिथे युरो नाही, कोरुना. एका युरोला साधारण २४-२५. बहुतेक ठिकाणी कार्ड चालतं, पण थोडी रोकड लागतेच. एटीएम पडद्यावर मोठ्या प्रेमाने विचारतं, रक्कम युरोत बदलून देऊ का? नाही म्हणा. 'हो' केलंत तर दर त्या मशीनचा, 'नाही' केलंत तर तुमच्या बँकेचा, आणि तो जवळजवळ नेहमीच बरा. टुरिस्टांच्या गल्लीतल्या चलन बदलणाऱ्या दुकानात फसलात, तर पावती टाकू नका. चेक कायद्यानुसार १००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो.

मेट्रो-ट्रामचं कागदी तिकीट घेतलं की ते पिवळ्या पेटीत घालून 'टक्' असा आवाज होईपर्यंत ढकला. मेट्रोत ही पेटी जिन्याच्या आधीच असते. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीटच.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहाऱ्यांनी 'बेझ मासा' हे दोन शब्द पाठ करा. चेकमध्ये 'मासो' म्हणजे मांस, आपला मासा नव्हे, त्यामुळे माशाचं वेगळं विचारा. लसणाच्या सूपमध्येसुद्धा हॅमचे तुकडे निघतात. तळलेलं चीज, 'स्माझेनी सीर', जवळपास सगळीकडे मिळतं. दुसऱ्या दिवशी कंटाळा येईलच. मग हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात भात लावा आणि वर मेतकूट-तूप. हॉस्टेल बुक करताना स्वयंपाकघर आणि कुलपाचं कपाट आहे ना, एवढं बघा. कुलूप आपलंच न्या.

आई विचारणारच, "एकटीच? सोबत कोणी नाही?" हॉस्टेलचा पत्ता, गाडीची वेळ आणि परतीची तारीख तिला आधीच पाठवून ठेवा. उन्हाळ्यात भारत साडेतीन तास पुढे असतो, रात्री दहाला पोचल्याचा मेसेज टाकलात तर तिकडे दीड वाजलेला असतो. ती जागीच असेल, तो भाग वेगळा. प्रागच्या भारतीय दूतावासाचा नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांची नोंद, मग दूतावास. मोबाइल बहुतेक वेळा पासपोर्टासोबतच जातो, म्हणून कागद.

तिकीट प्राहा ह्लाव्नी नाद्राझीचं, म्हणजे मुख्य स्टेशनचं काढा. प्रागचंच होलेशोविचे स्टेशन आधी येतं, गडबडीने तिथे उतरू नका. डॉइचलांड-टिकेट, म्हणजे जर्मनीभरच्या लोकल वाहतुकीचा मासिक पास, सीमेपर्यंतच्या लोकल गाड्यांत चालतं, या लांबच्या गाडीत नाही. आणि सीट निवडता आली तर जाताना डावीकडची खिडकी घ्या, एल्ब नदी त्याच बाजूला आहे.