जुन्या रूलिंग पेनला धार लावताना

लंडनच्या स्टॅन्ली किंवा स्वित्झर्लंडमधल्या आराऊच्या केर्न कंपनीची रेखाटन-साधनांची जुनी पेटी हाती आली की जर्मन सिल्व्हर (चांदीसारखा दिसणारा मिश्रधातू) चकचकीत करायच्या आधी रूलिंग पेनचं, म्हणजे दोन पात्यांमध्ये शाई धरून रेघ आखणाऱ्या पेनचं, टोक भिंगाखाली धरा. पोलादी पात्यांच्या टोकाशी पांढरा चमकता ठिपका दिसला, तर ते पातं बोथट आहे. धारदार टोक चमकत नाही.

पात्यांमधलं अंतर कमी-जास्त करणारा स्क्रू गंजून अडकला असेल, तर पक्कड लावू नका. पातळ तेलाचा एक थेंब सोडून रात्रभर ठेवा. वाळलेली शाई पाण्यात थोडा अमोनिया घालून सुटते, पण फक्त पाती बुडवा. हस्तिदंती मूठ भिजली की तडकते.

धारेसाठी बारीक कणांचा ऑइलस्टोन, म्हणजे तेल लावून वापरायचा धारेचा दगड, घ्या. स्क्रू पिळून दोन्ही पाती एकमेकांना जेमतेम टेकवा. पेन दगडावर उभं धरून, लंबकासारखं डावी-उजवीकडे झुलवत हलकेच घासा. यामुळे दोन्ही टोकं एका लांबीची आणि लंबगोल होतात. हा आकारच खरं काम करतो, म्हणून इथे घाई नको. टोक फार निमुळतं झालं, तर शाई वरच अडून राहते आणि कागदापर्यंत पोचत नाही. फार रुंद राहिलं, तर रेघेच्या शेवटी शाई फुगते.

आता पाती थोडी उघडा आणि प्रत्येकाची बाहेरची बाजू दगडाला अगदी कमी कोनात घासा. चमकता ठिपका नाहीसा होताक्षणी थांबा, नाहीतर पातं कागद कापतं. आतली बाजू कधीही घासू नका. ती सपाट नसेल तर शाई नीट उतरत नाही. आत कड वळली असेल, तर जाड कागदाचा तुकडा पात्यांमधून एकदा ओढा.

तपासताना ड्रॉपरने पात्यांमध्ये साधारण ५ मिमी शाई भरा आणि बाहेर लागलेली पुसा. स्क्रू पट्टीच्या विरुद्ध बाजूला ठेवा, पेन रेघेच्या दिशेने किंचित कलतं धरा. दोन्ही टोकं कागदाला सारखी टेकायला हवीत. टोक पट्टीकडे झुकलं तर शाई पट्टीखाली ओढली जाते, बाहेर झुकलं तर रेघेची कड दातेरी येते. पेन सरळ असूनही एकच कड दातेरी येत असेल, तर एक पातं लांब राहिलंय. पुन्हा टेकवून झुलवा.

काम झाल्यावर पाती ओल्या फडक्याने, मग कोरड्याने पुसा. पेटीत ठेवताना स्क्रू सैल करा, म्हणजे पात्यांची स्प्रिंग शाबूत राहते.